घाटमाथ्यावरून दिसलेला समुद्र

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' मराठीच्या वर्गात शिकवले जाते ते बहुधा जुन्या राजकीय गद्याचा नमुना म्हणून. त्यातला सर्वांत अधिक उद्धृत होणारा भाग झाडांविषयीचा आहे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, ती बळाने तोडू नयेत, असा त्याचा आशय. अलीकडे हा उतारा पर्यावरणविषयक जाणिवेचा जुना पुरावा म्हणून भाषणांतून व पाठ्यपुस्तकांतून येतो. तो मुळात आरमाराच्या प्रकरणात आहे, आणि तेथे अमात्यांसमोरचा प्रश्न जहाजांसाठी लाकूड कोठून आणावे हा आहे, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. उतारा राहिला आणि त्याच्या खालचे जहाज निघून गेले.

मराठी इतिहासलेखनात समुद्राचे जे झाले त्याचे हे लहानसे उदाहरण म्हणता येईल. मराठ्यांच्या आरमाराचा अभिमान आपल्याकडे भरपूर आहे. परंतु समुद्रावरून माणसे नेऊन शत्रूच्या किनाऱ्यावर वा तटावर उतरवणे हे काम प्रत्यक्षात कसे होत असे, त्यात काय अडत असे, याचे वर्णन मराठीत शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. याचे कारण आम्हाला दफ्तरांच्या भूगोलात दिसते. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे प्रामुख्याने घाटमाथ्यावर लिहिली गेली, तेथेच जपली गेली आणि तेथेच छापण्यासाठी निवडली गेली. सातारा ही छत्रपतींची राजधानी, आणि साताऱ्यातच दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी कागद जमवले. सांगली-मिरजेकडील पटवर्धनांची दफ्तरे वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत बसून अभ्यासली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. खरे स्वतः जन्माने गुहागरचे, म्हणजे अंजनवेलच्या किल्ल्याच्या शेजारचे. पण त्यांच्यापुढे आलेले कागद पठारावरच्या फौजांचे होते. समुद्रावर ज्यांनी वल्ही मारली त्यांनी लिहिले नाही, आणि ज्यांनी लिहिले त्यांतील बहुतेकांनी समुद्र घाटावरून पाहिला.

प्रस्तुत लेखात आम्ही या दृष्टीने एकच मोहीम पाहणार आहोत. ती म्हणजे १७३३ साली साताऱ्याहून आज्ञा सुटलेली जंजिऱ्याची मोहीम. तिची नेहमीची हकीकत दरबारी हेव्यादाव्यांची आहे. ती खोटी नाही. पण त्या हकीकतीत पाणी नाही, आणि आमच्या समजुतीप्रमाणे मोहिमेचा निकाल पाण्यानेच लावला.

*

प्रथम हा युद्धप्रकार नीट समजून घेतला पाहिजे. जमिनीवरची लढाई आणि जहाजाजहाजांतली लढाई यांहून निराळा असा हा तिसरा प्रकार आहे. यात फौज समुद्रावरून येते आणि जमिनीवर लढते. तिच्या आयुष्यातला सर्वांत दुबळा क्षण म्हणजे उतरण्याचा. त्या क्षणी ती धड जहाजावर नसते, धड जमिनीवर नसते. शस्त्रे हातात असतात, पण पायाखाली आधार नसतो. म्हणून या कामासाठी बांधलेल्या जहाजाची सारी रचना त्या एका क्षणाभोवती केलेली असते.

आजच्या भारतीय नौदलातील 'जलाश्व' हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेच्या नौदलात 'ट्रेंटन' या नावाने वावरलेले हे जहाज २००७ साली आपल्याकडे आले. त्याच्या पोटात एक गोदी आहे. जहाजाच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतले की त्याचा मागचा भाग खाली बसतो, गोदीत पाणी शिरते, मागचे दार उघडते, आणि आत ठेवलेल्या सपाट बुडाच्या होड्या सैनिक व वाहने घेऊन बाहेर पडतात. सुमारे हजार सैनिक त्यावर राहू शकतात. या सैनिकांचे जहाजावरचे जीवन खलाशांहून वेगळे असते. खलाशी जहाज चालवीत असतो. सैनिक वाट पाहत असतो. अरुंद बिछान्यांच्या रांगा, मोजून मिळणारे गोडे पाणी, हलत्या जमिनीवर हत्यारांची देखभाल, आणि कोणत्या क्रमाने कोणत्या होडीत चढायचे याची पुनःपुन्हा होणारी तालीम. सामानही उलट्या क्रमाने भरावे लागते, कारण जे प्रथम लागणार ते शेवटी चढवायचे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अधिकाराची वाटणी आधी ठरलेली असते. पाण्यावर असेपर्यंत आज्ञा नौदलाच्या अधिकाऱ्याची. फौज किनाऱ्यावर पक्की पाय रोवून उभी राहिली की ती फौजेच्या सेनापतीकडे जाते. ही वाटणी जेथे संदिग्ध राहते, तेथे उत्तम जहाजेही उपयोगी पडत नाहीत.

अठराव्या शतकातल्या मराठी आरमारात हे काम गुराब आणि गलबत यांच्या जोडीने होई. या जहाजांचे जे नेमके वर्णन उपलब्ध आहे ते रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचे आहे, हेही आमच्या मुद्द्याला धरूनच आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीन डोलकाठ्यांची गुराब ३०० टनांपर्यंत आणि दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत असे. तिचा नाळेकडचा भाग निमुळता होत जाई आणि तेथून तोफा समोर डागता येत. गलबत त्याहून लहान, सहसा ७० टनांच्या आतले; त्याला ४० ते ५० वल्ही. वारा पडला की गलबते गुराबांना दोर बांधून ओढीत. हल्ल्यात गुराबा दुरून शत्रूच्या डोलकाठ्या मोडीत, आणि मग माणसांनी भरलेली गलबते भिडून तलवारीनिशी लोक शत्रूच्या जहाजावर चढत. एका गलबतावर दोनशे-तीनशे माणसे असत. एवढ्या दाटीत निजण्याची जागा कोणती, पिण्याचे पाणी किती दिवस पुरे, उघड्यावर चूल कशी पेटे, याची कल्पना वाचकाने करावी. कारण त्या दाटीत बसलेल्या माणसाने लिहिलेली हकीकत आमच्या वाचनात आलेली नाही.

'आज्ञापत्र' या बाबतीत अपवाद आहे. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथाचा कर्ता घाटमाथ्याचा मुत्सद्दी. पण आरमाराच्या प्रकरणात त्याने दर्यावर्दी लोकांचे ऐकले आहे असे पदोपदी जाणवते. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. आरमाराचे वेतन मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावे, बंदराच्या उत्पन्नावर सोडू नये, कारण मग सावकारांना उपद्रव होतो आणि व्यापार बुडतो. वारा प्रतिकूल असता भिडू नये. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच आरमार खाडीत, किल्ल्याच्या आश्रयाला आणावे. या शेवटच्या सूचनेकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. अठरा वर्षांनंतरच्या मोहिमेची सारी गोष्ट तिच्यात आहे.

*

जंजिऱ्याचा प्रश्न साताऱ्याकडे वारसाहक्काने आला होता. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, किनाऱ्यापासून अर्ध्या कोसाच्या आत, एका खडकाळ बेटावर हा किल्ला उभा आहे. तटाला लागून वाळूचा किनारा नाही. भिंती सरळ पाण्यातून वर येतात. आत गोड्या पाण्याची तळी आहेत. म्हणजे शिड्या लावायच्या त्या हेलकावणाऱ्या होडीतून, आणि पाणी तोडून किल्ला शरण आणावा म्हटले तर तेही शक्य नाही.

शिवाजी महाराजांनी जलस्थल युद्धाचे दोन धडे घालून दिले होते. पहिला १६६५ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत मालवणहून ८५ लहान व ३ मोठी जहाजे घेऊन महाराज स्वतः बसरूरवर गेले. फौज समुद्रावरून गेली, लूट घेऊन निघाली, गोकर्णाशी बहुतेक आरमार परत पाठवून महाराज खुष्कीने अंकोला-कारवारकडे वळले. दुसरा धडा १६७९ चा. खांदेरीच्या ओसाड बेटावर मायनाक भंडाऱ्याच्या देखरेखीखाली तटाचे काम सुरू झाले. मुंबईकर इंग्रजांनी मोठी जहाजे आणून वेढा घातला. पण मराठ्यांची उथळ बुडाची होडकी वारा नसता वल्ह्यांवर, रात्रीच्या वेळी दगड, चुना आणि धान्य पोचवीत राहिली. बेट मराठ्यांकडेच राहिले. दोन्ही प्रसंगी जहाजे फार बलाढ्य नव्हती. मात्र जमीन व पाणी यांवर एकाचीच आज्ञा चालत होती.

जंजिऱ्यावर मात्र महाराजांनाही यश आले नाही, आणि त्या अपयशाची एक कथा परंपरेने सांगितली जाते. लाय पाटील या कोळी दर्यावर्द्याने रात्री जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांच्या लोकांनी मागून येऊन चढायचे असे ठरले होते. लोक वेळेवर आले नाहीत. उजाडू लागले तेव्हा लाय पाटलाने शिड्या काढून घेतल्या आणि तो परतला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यात वावरणाऱ्याला पालखी काय करायची, असे म्हणून त्याने तो नाकारला. तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत देऊन त्याचेच नाव 'पालखी' ठेवले. कथा म्हणून ती सुंदर आहे, आणि वर्गात तिचा उत्तरार्धच सांगितला जातो. आमच्या दृष्टीने तिचा पूर्वार्ध अधिक मोलाचा. पाण्यावरचा माणूस वेळेवर पोचला, जमिनीवरचा पोचला नाही, आणि दोघांमध्ये भरतीचे काही तास गेले. जंजिऱ्याचे पुढचे सारे अपयश या एका रात्रीत साठवलेले आहे.

संभाजी महाराजांनी १६८२ साली खाडीत दगड टाकून किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाट बांधण्याचा उद्योग केला. समुद्रालाच जमीन करण्याचा हा प्रयत्न. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे तो अर्धवट राहिला.

*

आता साताऱ्याकडे येऊ. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत आरमार कोकणात होते आणि राज्य घाटावर. १७१४ च्या प्रारंभी बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्र्यांशी समेट केला आणि कान्होजी शाहूंचा सरखेल झाला. सरखेली म्हणजे आरमाराचे स्वामित्व. पण ते आरमार आंग्र्यांच्या स्वतःच्या मुलखावर, त्यांच्या स्वतःच्या माणसांवर चालत असे. 'आज्ञापत्रा'ने जे टाळावे म्हटले होते तेच घडले होते. आरमाराचे पोट सरकारी खजिन्याला बांधलेले नव्हते, म्हणून त्याची निष्ठाही पत्रांनीच सांभाळावी लागे.

त्यात किनाराही दुभंगला. १७३१ च्या एप्रिलमध्ये शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात वारणेचा तह झाला. वारणा आज सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते. आपण हा तह दोन गाद्यांची वाटणी म्हणून शिकवतो, आणि नकाशावर बोट फिरवतो ते नदीवरून. पण त्याच्या कलमांत साळशीपासून दक्षिणेस अंकोल्यापर्यंतचे कोकण कोल्हापूरकडे जाते. पठारावरील नदीकाठी ओढलेली रेघ अशा रीतीने समुद्रापर्यंत गेली. तह करणाऱ्यांना कृष्णा-वारणेचे पाणी दिसत होते. किनाऱ्याच्या लढाईला किनारा अखंड लागतो, ही गोष्ट त्या वाटणीत कोणाच्या खाती पडली नाही.

मोहिमेचे निमित्तही साताऱ्याजवळच होते. चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान ब्रह्मेंद्रस्वामींनी नावारूपास आणले होते. १७२७ च्या शिवरात्रीस सिद्दी सात याने ते लुटले. स्वामी कोकण सोडून घाटावर आले आणि साताऱ्याजवळ धावडशी येथे राहिले. बाजीराव, आंग्रे बंधू, खुद्द शाहू महाराज हे सारे त्यांना गुरुस्थानी मानीत. शिवाय स्वामी मोठ्या रकमा कर्जाऊ देत असल्याने बाजीरावासारखे सरदार त्यांचे ऋणकोही होते. सिद्दीचे पारिपत्य व्हावे ही त्यांची मागणी सहा वर्षे चालू राहिली.

१७३३ च्या प्रारंभी जंजिऱ्याचा सिद्दी वारला, मुलांत वारसाहक्काचा तंटा लागला, एकाचा खून झाला, आणि अब्दुल रहमान बाजीरावाच्या आश्रयाला आला. शेखजी नावाच्या सिद्दीच्या दर्यावर्दी सरदाराशीही संधान बांधले गेले. संधी उत्तम होती. साताऱ्याहून बाजीराव आणि फत्तेसिंग भोसले निघाले. प्रतिनिधी श्रीपतराव निघाले. कुलाब्यास सेखोजी आंग्र्यांना समुद्राकडून येण्याची आज्ञा गेली. बाजीराव राजपुरीस पोचला तो मेच्या प्रारंभी.

येथे पंचांग काढून पाहावे. कोकणात मृगाचा पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि त्याच्या आधीच समुद्र फुगू लागतो. 'आज्ञापत्र' म्हणते त्याप्रमाणे आरमार खाडीत ओढायचे तर मेच्या अखेरीस ओढायला हवे. म्हणजे बाजीराव समुद्रावर पोचला तेव्हा त्याच्या मोहिमेतली समुद्राची बाजू जेमतेम तीन-चार आठवड्यांची उरली होती. घाटावरच्या फौजेचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि पावसापर्यंत चालते. पाऊस म्हणजे तिला छावणी, विसावा. आरमाराला पाऊस म्हणजे अंत. मे महिना घोडदळाला उशिराचा असतो, आरमाराला तो जवळजवळ संपलेला असतो. साताऱ्यातील निर्णयात ही दोन पंचांगे जुळवलेली दिसत नाहीत.

किनाऱ्यावरचे यश लगेच मिळाले. राजपुरी आणि आसपासची ठाणी हाती आली. जूनमध्ये प्रतिनिधींनी रायगड घेतला. स्वराज्याची जुनी राजधानी परत आल्याचा आनंद साताऱ्यात मोठा झाला आणि त्याच दिवसापासून श्रेयाचा वाद सुरू झाला. पण रायगड डोंगरी किल्ला. त्याला जहाज लागत नाही. ज्या किल्ल्यासाठी मोहीम निघाली तो पाण्यात होता, आणि पावसाळ्यात त्याच्या भोवतीचे पाणी सिद्दीच्या बाजूने लढत होते. किनाऱ्यावरून तोफा डागता येत. परंतु तोफेच्या गोळ्याने भिंत ढासळली तरी खिंडारातून आत जाण्यासाठी होडी लावावी लागते, आणि उधाणात होडी लागत नाही. इकडे मुंबईकर इंग्रजांना मराठ्यांचे समुद्रावरचे बळ वाढू द्यायचे नव्हते. त्यांनी सिद्दीस साहाय्य केले आणि उंदेरीच्या रक्षणास आपली माणसे घातली. बाजीराव साताऱ्याकडे कुमक मागत राहिला, महाराज सरदारांना आज्ञा पाठवीत राहिले, आणि सरदार आले नाहीत.

ऑगस्टच्या अखेरीस सेखोजी आंग्रे वारले. हा या मोहिमेवरचा निर्णायक आघात होय. सेखोजी हा बाजीराव आणि स्वामी या दोघांशीही सलोख्याने वागणारा सरखेल होता. त्यांच्या पाठीमागे संभाजी आणि मानाजी या भावांत कलह पेटला आणि आरमार दुभंगले. पाऊस सरून समुद्र शांत होऊ लागला तेव्हा उतरण्यासाठी लागणारे आरमारच एकहाती उरले नव्हते. डिसेंबरात बाजीरावाने तह केला. अब्दुल रहमानास सिद्दी म्हणून मान्यता आणि अकरा महालांच्या उत्पन्नात मराठ्यांचा निम्मा वाटा. जंजिरा, गोवळकोट व अंजनवेल सिद्दीकडेच राहिले.

*

या मोहिमेविषयीची पत्रे हे मराठी गद्याचे मोठे धन आहे. पारसनीसांनी १९०० साली ब्रह्मेंद्रस्वामींचे चरित्र पत्रव्यवहारासह प्रसिद्ध केले. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतही स्वामींचा पत्रव्यवहार आला. रुसवा, आर्जव, शपथ, हिशेब, टोमणा हे सारे एकाच पत्रात नांदते. स्वामी शिष्यांना दूषण देतात आणि त्याच हाताने कर्जाची आठवणही करून देतात. पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून समृद्ध सामग्री शोधून सापडणार नाही.

मात्र ही पत्रे कोणाच्या नजरेने युद्ध पाहतात? धावडशीला मंदिर आहे, तळे आहे, समुद्र नाही. तेथून युद्ध पाहणाऱ्याला विलंब म्हणजे निष्ठेची उणीव वाटते. फलाणा अजून का गेला नाही, तर त्याच्या मनात खोट आहे. ही भाषा नात्यांची आहे आणि नात्यांत वाऱ्याला जागा नसते. इतिहासकारांनी पुढे हीच भाषा उचलली. मोहीम फसली कारण प्रतिनिधी आणि पेशवे यांचे पटले नाही. मोहीम फसली कारण दाभाडे-गायकवाड आले नाहीत. माणसांच्या स्वभावाने सारा निकाल समजावून दिला की भरती, ओहोटी, मृग आणि होडीचे बूड यांची आठवण राहत नाही.

आम्ही असे म्हणत नाही की दरबारी फाटाफूट गौण होती. उलट, जलस्थल युद्धात ती अधिक घातक ठरते, आणि ती का ठरते हे पाणी पाहिल्याशिवाय कळत नाही. मैदानात दोन सरदार भांडले तर एक आज लढेल, दुसरा उद्या. समुद्रावर 'उद्या' भरतीच्या हाती असतो. रायगड प्रतिनिधींनी एकट्याने घेतला, कारण तो एकट्याने घेण्याजोगा होता. जंजिरा सहा जणांनी मिळूनही मिळत नव्हता, कारण त्या सहांत पाण्यावरून जमिनीवर जाताना आज्ञा कोणाची, हे कोणी ठरवले नव्हते.

पुढच्या घटना याला दुजोरा देतात. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजी आप्पांनी सिद्दी सातास रेवसजवळ गाठून मारले. ती लढाई जमिनीवर झाली. १७३९ मध्ये चिमाजींनी वसई घेतली. तेथे तटाला जमिनीची बाजू होती आणि सुरुंग लावता येत होते. गोवळकोट आणि अंजनवेल मात्र १७४५ च्या जानेवारीत पडले ते तुळाजी आंग्र्यांच्या हातून, ज्यांचे आरमारही स्वतःचे आणि उतरणारी माणसेही स्वतःची. ब्रह्मेंद्रस्वामी त्याच वर्षी निवर्तले. ज्यासाठी त्यांनी अठरा वर्षे पत्रे लिहिली ते त्यांना डोळ्यांनी नव्हे तरी कानांनी कळले. आणि त्याच तुळाजीचे आरमार १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली जळाले. समुद्राकडून इंग्रज होते, जमिनीकडून पेशव्यांची फौज. मराठ्यांच्या किनाऱ्यावर जमीन आणि पाणी यांचा असा मेळ बसला, तो आपलेच आरमार बुडवताना.

*

राज्य गेल्यानंतरही साताऱ्याचा माणूस या युद्धप्रकारातून सुटला नाही. १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघालेल्या डेलामेनच्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे इंग्रजी युद्धनौकांनी तुर्की तोफा बंद पाडल्या आणि फौज उतरू लागली. त्याच महिन्यात बसरा पडले. पुढे नदीतून वर सरकत गेलेल्या सैन्याला पुरेशा नदीबोटी नव्हत्या; १९१५ च्या डिसेंबरात कुत-अल-अमाराला वेढा पडला. शिधा घेऊन निघालेली 'जुलनार' ही आगबोट १९१६ च्या एप्रिलमध्ये वाटेतच तुर्कांच्या हाती पडली, आणि २९ एप्रिलला शरण गेलेल्या शिबंदीत १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. गावाचे नावच पुढे 'अपशिंगे मिलिटरी' झाले.

येथेही तीच गोष्ट. घाटावरचा शेतकरी मुंबईच्या गोदीत जहाजावर चढला, समुद्र ओलांडून परक्या किनाऱ्यावर उतरला, आणि त्याच्या बोटीतल्या त्या दिवसांविषयी मराठी साहित्यात जवळजवळ काही नाही. त्या काळी मराठी लघुकथा आकार घेत होती, कादंबरी समाजसुधारणेच्या प्रश्नांत रमली होती. तिच्या जगात पलटणीतला माणूस रजेवर येताना दिसतो. जहाजावर असताना दिसत नाही. गावच्या शिळेवर आकडा कोरला गेला. तोही अखेर घाटमाथ्यावरचाच कागद.

या साऱ्यातून अध्यापकांपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. ऐतिहासिक पत्रे शिकवताना आपण लिहिणारा कोण, वाचणारा कोण, भाषेचा थाट कोणता हे विचारतोच. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत. पत्र कोठे बसून लिहिले गेले, आणि त्या दिवशी तिथी कोणती होती? तिथीवरून कोळी आजही भरती-ओहोटीची वेळ काढतो. बाजीरावाच्या काळातल्या पुष्कळ पत्रांखाली चंद्र नोंदलेला आहे, म्हणजेच समुद्रही नोंदलेला आहे. लिहिणाऱ्याच्या मनात तो नसेल, पण कागदावर तो आहे. 'आज्ञापत्रा'तील आंब्या-फणसाच्या झाडांमागे जहाज शोधावे, वारणेच्या तहात अंकोला शोधावा, आणि स्वामींच्या रुसव्यामागे मृगाचे ढग. वल्ही मारणाऱ्याची पत्रे आता मिळणार नाहीत. पण जी मिळाली आहेत त्यांच्यातून त्याच्या दिवसाचा हिशेब काढता येतो, आणि तेवढे तरी घाटमाथ्यावर बसून आपल्याला करता येण्याजोगे आहे.